गोष्टफोडे महोदयांच्या सेवेशी

आसनगाव–कल्याण लोकलमधील समस्त रहस्यभेदक आणि मुरबाड–कल्याण एसटीतील त्यांचे बंधू यांच्या सेवेशी, अर्धीच मालिका पाहून झालेल्या सहप्रवाशांचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

महोदयांची समाजसेवा अजोड आहे. आसनगावला ते चौथ्या सीटवर टेकतात, वासिंदला विषय काढतात आणि खडवली येईस्तोवर खुनी अख्ख्या डब्याच्या हवाली करतात. एसटीतले बंधू त्याहून चपळ. रायत्याचा पूल लागायच्या आत त्यांची नायिका मेलेली असते. ऐकणाऱ्याचे तिकिटाचे पैसे वाचतात, वर तीन तासही. परीक्षेचा पेपर फोडणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९८२ साली कायदा केला. पिक्चरचा शेवट फोडणाऱ्याला मात्र लोक सरकून जागा देतात.

शेवट कळल्याने काही बिघडत नाही, असा महोदयांचा युक्तिवाद. खोटं कशाला बोला, त्यात तथ्य आहे. पौषात म्हशाच्या यात्रेत बैल आणि घोंगड्या बघून झाल्यावर माणसं तमाशाच्या तंबूत शिरतात, तेव्हा वगात शेवटी काय होणार हे बहुतेकांना ठाऊक असतं. आज सोंगाड्या कुणाची फिरकी घेतो, ते बघायचं असतं. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात रावणाचं सोंग नाचतं. तो मरणार ही काही बातमी नव्हे. ‘रात्रीस खेळ चाले’ तर महोदयांच्या हातातला हुकमाचा पत्ता. २०१६ साली ही मालिका सुरू झाली तीच अण्णा नाईकांच्या मृत्यूने. २०१९ मध्ये दुसऱ्या पर्वात काळ मागे नेऊन अण्णा जिवंत दाखवले. त्यांचं पुढे काय होणार हे उभ्या महाराष्ट्राला माहीत होतं, तरी अण्णा-शेवंता घरोघरी पोचले ते याच पर्वात.

इथवर महोदय जिंकले. पण म्हणून ‘सैराट’?

त्याच २०१६ च्या एप्रिलमधला सिनेमा. जवळपास तीन तास अजय-अतुलचं संगीत प्रेक्षकाला खेळवत ठेवतं आणि शेवटाला आवाजच काढून घेतला जातो. नागराज मंजुळे यांनी ती शांतता बेसावध माणसासाठी राखून ठेवली होती. खडवलीपर्यंत सगळं ऐकून थेटरात गेलेला माणूस ‘झिंगाट’च्या वेळीच गप्प बसतो. त्याला पाहायला मिळतो तो वेगळाच पिक्चर, आणि तो मंजुळ्यांनी काढलेला नसतो. निशिकांत कामत यांच्या ‘दृश्यम’चीही तीच गत. विजय साळगावकरच्या २ ऑक्टोबरवरून दरवर्षी विनोद फिरतात, तेवढे चालतील. त्या तारखेची मेख इथे लिहिली तर प्रस्तुत पत्रलेखकालाही चौथी सीट द्यावी लागेल.

या बाबतीत साहेबाच्या देशातही भांडणं झाली आहेत. अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ पासून, करोनाचा खंड वगळता, चालू आहे. खुनी कोण ते बाहेर सांगू नका, अशी विनंती खेळ संपताना प्रेक्षकांना केली जाते. २०१० साली इंग्रजी विकिपीडियावर ते नाव दिलेलं पाहून ख्रिस्तीबाईंच्या नातवाने नाराजी दाखवली. नाव काही हटलं नाही. ज्ञानकोशात कथानक पूर्ण असणारच, हा विकिपीडियाचा पवित्रा. तो पटण्याजोगाही आहे, कारण कोश आपल्या जागी असतो. वाचणारा आपल्या पायांनी तिथे जातो. चाहत्यांनी चालवलेले कोश तर पुष्कळदा आधी इशारा देतात, कुठे नव्या भागाचा मजकूर काही दिवस झाकून ठेवतात. महोदय मात्र स्वतः चालत येतात, तेही सकाळी, जेव्हा उतरून जायची सोय नसते.

तेव्हा मागणी माफक आहे. ‘पाहिलास का?’ एवढं विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. अण्णा नाईकांबद्दल हवं ते बोलावं. खुनाच्या गोष्टीत खुन्याचं नाव घेऊ नये, आडनावही नको, ‘तो चष्मेवाला’ असंही नको. आणि ‘मी शेवट सांगत नाही, पण शेवटी जबरदस्त धक्का आहे’ हे वाक्य तर मुळीच नको. ते ऐकलेला माणूस पहिल्या मिनिटापासून प्रत्येकावर संशय घेत बसतो.

कळावे, लोभ असावा.

ता. क. – खिडकीशेजारचा मुलगा कानांत बोंडं घालून बसतो, त्यात गाणी लावलेली नसतात.