क्रीमवाल्या अक्का

कर्नाटकातल्या आमच्या मुडबी गावात माणसाला वयं तीन. एक आधार कार्डावरचं, दुसरं पेन्शनच्या अर्जावरचं आणि तिसरं लग्नकार्यातलं. आधारवरचं वय निम्म्या गावाचं एक जानेवारीलाच वाढतं, कारण कार्ड काढताना जन्मतारीख कुणाला ठाऊक नव्हती आणि मशीनवरच्या पोराला जेवायला जायची घाई होती. शाळेची पायरी चढलेल्यांचं एक जूनला वाढतं. ती गुरुजींची कृपा. पेन्शनचं वय आधारच्या पुढे पळतं, लग्नातलं चांगलं दहा-बारा वर्षं मागं रेंगाळतं. या तिन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत जिचा धंदा चालतो, तिला गाव क्रीमवाल्या अक्का म्हणतं.

अशा अक्का एकट्या मुडबीत असतील असं नाही. बसवकल्याणला चार-पाच सापडतील, हुमनाबादला, भालकीला, कमलापूरला सापडतील, आणि सीमा ओलांडून महाराष्ट्रातल्या उमरग्याला गेलात तर तिथंही एखादी मावशी पिशवी उघडून बसलेली असेल. मी सांगतोय ती आमची.

अक्कांचं दुकान नाही. माहेराहून आलेली पत्र्याची पेटी आहे. पूर्वी तिच्यात इरकल ठेवलेली असायची, आता डिब्ब्या असतात. पेटी उघडली की सगळ्यात वर फेसवॉशचे पाऊच, त्याखाली कोल्ड क्रीम, मग सनस्क्रीनच्या ट्यूबा, आणि तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सिरमच्या तीन बाटल्या. सिरम अक्का सगळ्यांना दाखवत नाहीत. गिऱ्हाईक बघून, दार लोटून, मग दाखवतात. बाटलीतला ठिपका समोरच्या बाईच्या मनगटावर टाकतात, अंगठ्यानं गोल फिरवतात आणि दुसरं मनगट शेजारी धरून विचारतात, "बग माय, कोणतं तरणं दिसूलालंय?" उन्हात रापलेल्या मनगटावर ओलं काहीही लावलं की चमकतंच. पण त्या घडीला हे बोलायची कुणाची छाती नसते.

माल आणायला अक्का कलबुर्गीला जातात. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली आणि अक्कांचा वाहतूक खर्च शून्यावर आला. अडचण एवढीच की कंडक्टर आधार बघतो. आधारवरचा फोटो आणि समोर बसलेली बाई यांचा मेळ बसेना म्हणून त्यानं एकदा कार्ड दोनदा उलटसुलट केलं. अक्कांनी ती गोष्ट गावभर सांगितली. जाहिरातीला याहून काय लागतं? त्याच वर्षी ऑगस्टपासून सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार घरच्या कर्तीच्या खात्यात येऊ लागले. पैसे जमा झाल्याचा मेसेज वाजला की अक्का ओसरी झाडून घेतात.

दारी आलेलं गिऱ्हाईक कोणत्या वयाचं आहे ते ओळखणं हे अक्कांचं खरं कसब. वय त्या विचारत नाहीत. "लेकरं किती, सगळ्यात थोरल्याचं काय चाललंय," एवढ्यावर हिशेब जमतो.

विशीतली पोरगी एकटी कधी येत नाही, आई घेऊन येते. पाहुणे पंधरा दिवसांवर आलेले असतात आणि आईला लेक तेवढ्यात गोरी करून हवी असते. गोरं करणारी ती प्रसिद्ध क्रीम १९७५ साली निघाली, २०२० साली तिच्या नावातलं गोरेपण कंपनीनं काढून टाकलं. मुडबीतल्या आयांनी मात्र जुनंच नाव चालू ठेवलंय. अक्का त्यांना सनस्क्रीन देतात. आई म्हणते, ह्यानं गोरी होते का? अक्का म्हणतात, "आत्ता न्हाई होत. पण वीस वर्सांनी तुज्यावाणी दिसत न्हाई." असा अपमान करून माल विकणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि शास्त्र तिच्या बाजूनं आहे, हे आणखी वाईट. सुरकुत्या, डाग, कातडी सैल पडणं, यातला मोठा वाटा वयाचा नसून उन्हाचा असतो, हे त्वचेचे डॉक्टर कधीपासून सांगतायत.

तिशीतल्या बायांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. त्यांना आरशासमोर उभं राहायला वेळ नसतो. त्या उधारीवर कोल्ड क्रीम नेतात, आणि ती लेकरांच्या गालाला लागते.

चाळिशीत मात्र पुरुष येतात. दिवे लागल्यावर, मागच्या दारानं. "घरच्यांसाठी पाहिजे," म्हणतात. अक्का खोटं पकडत नाहीत, उलट "घरच्यांच्या मिश्या पिकल्यात का डोकं?" असं शांतपणे विचारतात. चाळिशीतल्या अण्णांचं दुखणं वाढदिवसाच्या फ्लेक्सपाशी सुरू होतं. पंचायतीला उभं राहायचं तर स्टँडवर फ्लेक्स लागतो, फ्लेक्सवर भावी सदस्याचा हसरा चेहरा लागतो. फ्लेक्सवाला पोरगा संगणकावर पंधरा मिनिटांत त्या चेहऱ्यावरची पंधरा वर्षं पुसतो, गाल गुलाबी करतो, मानेखालची वळी गायब करतो. सुरकुत्यांवर इतका स्वस्त आणि हमखास इलाज जगात दुसरा नाही. पण मग अण्णांना त्या फ्लेक्सखालूनच रोज चहाला जावं लागतं. लोक एकदा वर बघतात, एकदा खाली. तिसऱ्या दिवशी अण्णा अक्कांच्या मागच्या दारात.

त्यांच्यासाठीही तळातली बाटली बाहेर येते. रेटिनॉल. हे जीवनसत्त्व अ-च्या घराण्यातलं. याच घराण्यातलं ट्रेटिनॉइन, जे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं, त्याला अमेरिकेच्या औषध खात्यानं १९९५ साली उन्हानं आलेल्या बारीक सुरकुत्यांसाठी मान्यता दिली. म्हणजे हा माल नुसता बोलाचा भात नव्हे. अक्कांच्या सूचना ठरलेल्या असतात: रात्रीच लावायचं, तुरीच्या दाण्याएवढंच लावायचं, दिवसा उन्हात तोंड उघडं टाकायचं नाही, आणि पोटुशी बाई घरात असेल तर तिला हात लावू द्यायचा नाही. तुरीच्या मुलखात मापाला दुसरं काय सांगणार? अण्णा मापाचे कच्चे. मूठभर तुरीएवढं लावतात, चौथ्या दिवशी तोंड सोलून लाल होतं, आणि गावात सांगतात की पित्त उठलंय.

अक्कांचा अभ्यास मोबाईलवरचा, पण पक्का. वैद्यकाच्या एका मोठ्या नियतकालिकात २०१२ साली एका अमेरिकी ट्रक ड्रायव्हरचा फोटो आला होता. वय ६९, मालाचा ट्रक हाकण्यात २८ वर्षं गेलेली. खिडकीकडचा डावा गाल खोल सुरकुत्यांनी भरलेला, उजवा त्या मानानं तुळतुळीत. काच बंद असली तरी उन्हातला एक प्रकारचा किरण आत येतो आणि कातडीत खोल जातो. अक्कांना हा फोटो सापडला आणि त्यांनी लगेच हिशेब केला: अमेरिकेत स्टेअरिंग डावीकडं, आपल्याकडं उजवीकडं, म्हणजे आपल्या ड्रायव्हरचा उजवा गाल गेलेला असणार. दुसऱ्या दिवशी स्टँडवर बसवकल्याणच्या टेम्पोवाल्याला त्यांनी खाली उतरवलं, हनुवटीला धरून तोंड इकडं-तिकडं फिरवलं आणि चार माणसांत निकाल दिला, "उजवीकून सासरा दिसूलालाय, डावीकून जावई." तेव्हापासून तो पाहुण्यांच्या घरी बसताना जागा बघून बसतो.

पन्नाशीच्या बायांशी अक्का हळू आवाजात बोलतात. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं कोलॅजन जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतं, असं डॉक्टर सांगतात. कोलॅजन हा शब्द अक्का वापरत नाहीत. "आतला ताणा सैल होतोय बग," म्हणतात आणि पाठीवरून हात फिरवतात. आरशाला घाबरलेल्या बाईला तो हात डिब्बीपेक्षा जास्त लागू पडतो, असं माझं मत आहे. डिब्बीचे पैसे तरी अक्का घेतातच.

नवरा कटकट करतो, शृंगाराला पैसे कशाला म्हणून. त्यावर अक्कांकडे थेट सर्वोच्च न्यायालयाचा दाखला आहे. परळच्या पेंढरकरांनी १९५२ साली विको सुरू केली; त्यांची हळदीची क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावरून अबकारी खात्याशी बरीच वर्षं खटला चालला आणि कंपनी जिंकली. "हे नटणं न्हवं, दवा हाय. दिल्लीच्या कोर्टानं लिहून दिलंय," असं अक्का नवऱ्यांना ठणकावतात. शेजारी सिरमची बाटली ठेवलेली असते. कोर्टानं तिच्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही, हे नवऱ्याला माहीत नसतं.

एका गुरुजींनी त्यांना आणखी एक शस्त्र दिलंय. बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वरानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला, त्यात राजानं सुगंधी तेलानं अंग कसं रगडून घ्यावं, उटणं कसं लावावं, वर लेप कोणते द्यावेत, हे सगळं सविस्तर दिलंय. राज्य कसं करावं हेही दिलंय, पण ते प्रकरण अक्कांच्या कामाचं नाही. कुणी भाव पाडून मागितला की त्या म्हणतात, "राजानं कल्याणात बसून घासाघीस केली न्हाई, तू कशाला कराय लागलीस?"

साठीनंतर गणित उलटं फिरतं. कर्नाटकात संध्या सुरक्षाची पेन्शन ६५ ला मिळते. अर्ज तहसीलला असेपर्यंत म्हातारी माणसं अक्कांच्या ओसरीकडं फिरकत नाहीत. चेहरा होईल तेवढा सुकू देतात. सकाळी तोंडावर पाणी मारलं तरी सून ओरडते, "मामा, पडताळणी व्हायचीय!" पलीकडच्या महाराष्ट्रात २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट. त्यामुळं आमचे एक काका मुडबीत मिशीला कलप लावतात आणि उमरग्याच्या स्टँडवर उतरले की काठी काढतात. कंडक्टर कार्ड मागतो तेव्हा मात्र ते अर्धं कन्नड बोलू लागतात.

अक्कांची एक गोष्ट मला मनापासून मान्य आहे. मेडिकलमधली ती ट्यूब त्या विकत नाहीत. गजकर्णावरचं म्हणून मिळणारं, स्टिरॉइड घातलेलं मलम पोरी तोंडाला लावतात. आठ दिवसांत उजळ दिसतं, म्हणून आणखी लावतात. पुढं कातडी पातळ होते, लालबुंद होते, पुटकुळ्या येतात, केस उगवतात, आणि सोडलं की दुप्पट भडकते. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी १४ स्टिरॉइड असलेली मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. नियम दिल्लीत झाला. ट्यूब अजून हातोहात फिरते. अक्कांच्या ओसरीवर एखादी पोरगी ती घेऊन आली की अक्का ती हातातून ओढून घेतात, दात लावून फोडतात आणि उकिरड्यावर फेकतात. मग स्वतःच्या पैशानं पोरीला कलबुर्गीच्या कातडीच्या डॉक्टरकडं नेतात. स्वतःच्या पैशानं म्हणजे, बस फुकटच असते. पण दिवस तर मोडतो.

आणि अक्का स्वतः काय लावतात? त्यांचं वय कुणाला कळलेलं नाही. दहावीचं वर्ष त्या दरवेळी निराळं सांगतात. नातू कॉलेजात आहे, त्यावरून अंदाज करावा, तर हात अंदाजाला दगा देतात. मनगटापासून कोपरापर्यंत एक डाग नाही. गावातल्या बायांना वाटतं तळातली बाटली. तूर काढणीच्या दिवसात सकाळी सातला त्यांच्या शेताच्या वाटेनं गेलात तर कळेल. नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट लुगड्यावर चढवलेला, कफचं बटण लावलेलं, पाठीवर घामाच्या मिठाचे नकाशे, डोक्यावरून टॉवेल असा बांधलेला की डोळे तेवढे दिसतात. खुरपायला, काढायला जाणाऱ्या मुडबीच्या सगळ्याच मजूर बाया हाच पोशाख करतात आणि त्यातली एकही अक्कांची गिऱ्हाईक नाही.

मी विचारलं, एवढ्या ट्यूबा घरात, तुम्ही का लावत नाही? अक्कांनी पेंढी बांधता बांधताच हिशेब सांगितला. "दोन बोटं भरून लावा म्हंत्यात, आन दर दोन तासाला. नऊ ते पाच चार येळा. पन्नास ग्रॅमची ट्यूब धा दिवसात खलास. तेवढ्यात ह्यो सदरा चार वर्सं जातोय." मग बायांना हेच का नाही सांगत? "सदऱ्याचं कमिशन कोण देतंय?"

मुडबीला येणं झालं तर स्टँडवर कुणालाही विचारा, अक्कांचं घर दाखवतील. दार पुढचं की मागचं ते आपल्या वयानुसार ठरवा. डिब्बीवरची एक्सपायरी वाचून घ्या, सिरमवर दहा टक्के सूट मागा, पाचवर तुटेल. आणि आधारचं वय सांगायचं, पेन्शनचं की लग्नातलं, हे बसमध्येच पक्कं करून या. अक्का भाव त्यावर लावतात.