भुईकोटाच्या तिकीटबारीस, दरवाढीची नम्र विनंती

प्रति,
श्रीमती तिकीटबारी,
भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलावाजवळ, सोलापूर.

विषय : आपले दर फारच कमी असल्याबाबत.

महोदया,



गावात काही मंडळींनी नवेच खूळ काढले आहे. किल्ले, वस्तुसंग्रहालये, कलादालने म्हणजे सगळ्यांची मालमत्ता, ती बघायला पैसे कसले घेता, असे ते चहाच्या टपरीवर उघडपणे बोलतात. उद्या ही माणसे तुमच्या तोंडावर येऊन बोलतील. त्याआधी एका जबाबदार नागरिकाचे मत तुमच्या दफ्तरी असावे, म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे उलट आहे. तुम्ही घेता ते फार कमी आहे.

२०१५ साली आत जायला ५ रुपये पडत. २०१६ मध्ये १५ झाले, २०१८ मध्ये २५. तीन वर्षांत पाचपट! सोलापुरी चादरीच्या भावाला असली चढण उभ्या आयुष्यात साधली नाही. आणि इतकी छान सुरुवात करून तुम्ही मध्येच दम खायला बसलात. तुम्ही राखता त्या दरवाजाचा पूर्वीचा भाव जरा आठवून पाहा. विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा हा किल्ला आंदण म्हणून कबूल झाला होता. लग्न लागले, किल्ला काही मिळाला नाही. मग पुढची चाळीसएक वर्षे दोन्ही घरे या भिंतींपायी एकमेकांच्या उरावर बसत राहिली. शेवटी तालिकोटच्या लढाईआधी निजामशाहीची चांदबीबी विजापूरला दिली, तेव्हा तिच्याबरोबर सोलापूरही आंदणात गेले. दोन शहजाद्या आणि दोन पिढ्यांचा रक्तपात, असा ज्याचा दर, तो किल्ला तुम्ही २५ रुपयांत दाखवता? मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या मन्रोसाहेबाला आत यायला तोफा लावाव्या लागल्या होत्या. स्वस्ताईला काही मर्यादा?

तरी तुमच्या एका धोरणाला मात्र दंडवत. रोख दिले तर २५, मोबाइलवरून दिले तर २०. शहराच्या पूर्व भागातली एखादी बाई आठवडाभर विड्या वळते आणि सुट्टीच्या दिवशी सासू, नवरा आणि कॉलेजात जाणारा मुलगा यांना घेऊन येते. कनवटीच्या पिशवीतून ती चुरगळलेल्या नोटा काढते. तिचे पुरे १०० रुपये. तिच्या मागे उभा असलेला, कानात वायरी घातलेला, पुण्याहून शनिवार-रविवार काढायला आलेला तरुण फोन पुढे करतो. माणशी ५ रुपये त्याला सूट. गरजूला सवलत द्यावी असे सगळेच म्हणतात, पण खरा गरजू कोण हे इतक्या अचूकपणे तुमच्याखेरीज कोणी हेरले नव्हते.

पंधरा वर्षांखालच्या मुलांना तुम्ही फुकट सोडता, हेही बरे. इतिहासाचे पुस्तक समजू लागेपर्यंत मुलाला मोकळीक असावी. समजू लागले की मोजायला लावावे.

पण तुमची खरी थोरवी त्या फलकावर आहे, जिथे तुम्ही सगळ्या मानवजातीची वर्गवारी केली आहे. भारतीय, तसेच सार्क आणि बिमस्टेक देशांचे नागरिक : २५. बाकीचे परदेशी : ३००. म्हणजे थिंफूचा, मालेचा, बँकॉकचा पाहुणा सोलापुरात घरचा. तो यावा म्हणून तुम्ही केव्हाची वाट पाहत असाल. आता समजा, चीनमधून कोणी आले. तशी माणसे सोलापुरात येतात, आणि का येतात तेही तुम्हाला ठाऊक आहे. भैय्या चौकाजवळच्या घरात १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेला आमचा द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चार डॉक्टरांबरोबर चीनला गेला, जखमी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेला. त्या घरात आज त्याचे स्मारक आहे. व्ही. शांतारामांनी त्याच्यावर सिनेमा काढला. त्याची बायको क्वो छिंगलान, म्हणजे सोलापूरची सून. सासरच्या माणसांना भेटायला ती भारतात येत असे. २०१२ मध्ये ती गेली, म्हणून एक प्रसंग टळला. नाहीतर सुनेने सासरच्या गावातला किल्ला पाहायचा म्हटला असता, तर तुम्ही तिला ३०० ची पावती फाडली असती आणि तिच्यामागच्या थायलंडच्या पर्यटकाला २५ ची. नियम म्हणजे नियम.

आणि हे एकच उदाहरण नाही. १९१५ साली पंढरपुरात मकबूल फिदा हुसेन नावाचे मूल जन्मले. पंढरपूर म्हणजे आपलाच जिल्हा. हा माणूस म्हातारपणी कतारचा नागरिक झाला. मार्च २०२५ मध्ये त्याचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात शंभर कोटींच्या वर गेले. शेवटच्या वर्षात तो अनवाणी पायांनी तुमच्यासमोर येऊन उभा राहिला असता, तर तुम्ही पाय पाहिले नसते, पारपत्र पाहिले असते. खिशात परदेशस्थ भारतीयाचे ओसीआय कार्ड असेल तर देशी दर, नसेल तर परदेशी. चंद्रभागेच्या वाळवंटाचा दाखला चालत नाही.

लोक म्हणतात, तिकीट म्हणजे देखभालीचा खर्च. तुम्हाला हसू येत असेल. तुमच्याकडे जमलेला पैसा सोलापुरात थांबत नाही, तो भारत सरकारच्या एकत्रित निधीत जमा होतो. किल्ल्याच्या ढासळत्या दगडाला चुना लावायचा, तर तो खर्च निराळ्या अंदाजपत्रकातून, निराळ्या मंजुरीने यायचा. बुरुजाला आपल्या नावावर किती गल्ला जमला याची खबरही नसते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे तसे नाही. तिथे न्यास आहे, दारात घेतलेले पैसे त्याच घराच्या दिवाबत्तीला आणि झाडलोटीला लागतात. तिथल्या तिकिटाबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. राखणदाराला पगार लागतो, हे मलाही कळते. पण तुमचे काम पैसे जमवण्याचे नाहीच. तुमचे काम आहे दारात उभे राहून माणसे निवडण्याचे, आणि ते तुम्ही चोख करता.

आमचा एक शेजारी (मत देण्यात उदार, चहा पाजण्यात नाही) म्हणतो, “फुकट मिळालं की किंमत राहत नाही बे.” मला हे तंतोतंत पटते. मग याच न्यायाने तुमच्या शेजारी चाललेल्या गैरप्रकाराची तुम्ही दखल घ्यावी. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर महाराजांनी लोकांकडून श्रमदानाने तलाव खोदून घेतला आणि काठावर बारी बसवायचे विसरले. गावभर ६८ लिंगे स्थापली, एकावरही दरपत्रक नाही. दर जानेवारीत त्यांच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याला, सात नंदीध्वज निघतात. यण्णीमज्जनाला, अक्षता सोहळ्याला लाखांनी माणसे लोटतात. कोणी सार्कचा आहे का विचारत नाही. नऊशे वर्षे हा प्रकार फुकट चालला आहे, आणि किंमत काडीने कमी झालेली नाही. माझ्या शेजाऱ्याच्या सिद्धान्ताला यामुळे फार मोठा धोका आहे.

तसाच प्रकार भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडलला. तिथल्या संगमेश्वर मंदिरातला शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख सोलापूरच्या आनंद कुंभारांनी उजेडात आणला. स्वतःचा पैसा, स्वतःची पायपीट. मोबदल्यात त्यांनी वाचकांकडून माणशी काही घेतल्याचे ऐकिवात नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी तर त्याहून वाईट पायंडा पाडला. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी लोकांच्या माळ्यांवरून दिवे, अडकित्ते, वज्री गोळा केल्या आणि १९७५ मध्ये तो सगळा संसार सरकारला देऊन टाकला. दिला फुकट, बघायचा मात्र पैसे मोजून.

विलायतेचे नाव कोणी काढलेच, तर तुमच्या हाताशी उत्तर असावे. तिथे पंतप्रधान हीथ यांच्या सरकारने जानेवारी १९७४ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयांना तिकीट लावले, तीन महिन्यांत ते उठले. पुढे पुन्हा काही ठिकाणी बसले, डिसेंबर २००१ मध्ये पुन्हा गेले, आणि त्या संग्रहालयांतली वर्दळ दहा वर्षांत दुपटीहून वाढली. हे फुकटवाले मोठ्याने सांगतील. ते जे हळू बोलतील तेही ऐका : आलेल्यांत बरेचसे पूर्वीचेच होते, फक्त जास्त वेळा आले. ज्याला लहानपणापासून ‘ते आपलं काम नाही’ असे वाटत आले आहे, तो दार उघडे टाकले तरी बाहेरच्या बाकावर शेंगा खात बसतो. त्याला आत न्यायला कोणीतरी त्याच्या भाषेत ‘या’ म्हणावे लागते. आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांत म्हणावे लागेल, आणि बारीच्या खिडकीला तेवढे तोंड नाही. बाकी अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे (आंध्रातली, आपल्या वऱ्हाडातली नव्हे) ब्रिटिश म्युझियममध्ये आजही फुकट पाहता येतात. विमानभाडे आणि व्हिसा तेवढा आपला.

तर माझ्या मागण्या अशा. भारतीयांचा दर निदान एका शहजादीइतका करावा. ते जमत नसेल तर १२ ते १६ जानेवारी बारी बंद ठेवून दार उघडे ठेवावे. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चौघांना येरवड्यात फाशी दिले, आणि दरवर्षी त्या तारखेच्या पुढच्या चार दिवसांत गड्ड्याला आलेले अख्खे खेडे तुमच्या भिंतीला टेकून बसलेले असते. महिलांना ८ मार्चला, सगळ्यांना १८ एप्रिलला आणि १९ नोव्हेंबरला तुम्ही सोडताच, तिथे दिल्लीचे पंचांग चालते. पाच दिवस सोलापूरचे चालवून पाहा. त्या पाच दिवसांचा बुडालेला गल्ला एकत्रित निधीला जाणवलाच, तर गड्ड्यातल्या पाळण्याच्या मालकाकडून वर्गणी काढून भरून देऊ.

कळावे.

आपला,
एक भारतीय नागरिक
(सार्क, बिमस्टेक किंवा पंधरा वर्षांखालील नव्हे)

ता. क. : हे पत्र मी रोखीने, हातोहात देत आहे. मोबाइलवरून पाठवले असते तर पाच रुपयांनी सौम्य झाले असते.