श्वासत्याग योजना

साल 2085. चंद्रपुरात रेशनकार्डावर श्वासाचा कोटा छापून येतो: मिनिटाला बारा. उरलेले देशासाठी सोडायचे. त्यागमूर्तींना प्रशस्तिपत्र मिळतं, वरची राख झटकून. वीजकेंद्राच्या चिमण्यांनी मात्र धुराखेरीज काही सोडायचं नाही. परंपराच आहे ती. सल्फर डायऑक्साइडला लगाम घालणारे निकष 2015चे, मुदत 2017ची. ती वाढत वाढत 2025 साली देशातल्या बहुतेक औष्णिक केंद्रांना चक्क सूट. फुप्फुसांनी असा अर्ज कधी केलाच नाही, दोष त्यांचाच!

मुंबईतल्या एका सोसायटीने इथल्याच विजेवर एसी अठरावर ठेवून चंद्रपूरकरांना मानवंदना दिली.

इकडे रेशनच्या खिडकीवर आजोबा विचारतात, “सोडले जी, आता घेऊ कवा?”

“जेवणाची सुट्टी आहे. तोवर धरून ठेवा.”