आधी तू सोड की!

सोलापूरची गड्डा यात्रा उरकली की आमच्या मंद्रूपात घरोघर एकच गडबड. मुंबईला नोकरीवर परतायचं, सिद्धेश्वर एक्सप्रेस सोलापुरातून रात्री सुटणार आणि स्लीपरचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी 11 ला उघडणार. त्या मिनिटाला माणूस हाकेला ओ देत नाही, मग ती हाक सासऱ्यांची का असेना.

बर्थ एक, बोटं हजार. 32 नंबर मंद्रूपच्या पोराला रिकामा दिसला, त्याच क्षणी अक्कलकोटच्या पोरीलाही दिसला. दोघांनी पैसे भरले तर झोपायचं कुणी? पूर्वी रजिस्टर एक, बाबू एक. त्याचा चहा संपेपर्यंत सगळे सारखेच उपाशी. 1985-86 मध्ये दिल्लीत आरक्षण संगणकावर गेलं, 2002 मध्ये इंटरनेटवर आलं आणि बाबूचा दरारा डेटाबेसच्या कुलपाकडे गेला. एकाचा व्यवहार नोंदीला हात लावतोय तोवर दुसऱ्यानं थांबायचं. पुरा झाला तर पक्का, मध्येच तुटला तर मुळात झालाच नव्हता. जिम ग्रे या अमेरिकन संशोधकानं यात आयुष्य घातलं, 1998 चं ट्युरिंग पारितोषिक मिळवलं. 1976 साली त्यानं तिघा सहकाऱ्यांसह नियम मांडला: एकदा कुलूप सोडायला लागलात की नवं धरायचं नाही. आमच्या भावकीत कुणी एक बांध सोडून दुसरा धरला नाही, असं अजून घडलेलं नाही.

नियम पाळूनही कोंडी होतेच. दादाला आणि मला एकाच रात्री निघायचं होतं. बाबांचं कार्ड माझ्या हातात, ओटीपी येणारा बाबांचा मोबाइल दादाच्या.

"कार्ड दे की बे."

"आधी तू मोबाइल सोड की, दादा."

दोघांचंही रास्त. डेटाबेस अशा वेळी न्यायनिवाडा करत बसत नाही; एकाचा बळी देतो, त्याचा व्यवहार रद्द करून पुन्हा सुरू करायला लावतो. आमच्याकडे आई कानडीतून कडाडली आणि बळी अर्थातच धाकट्याचा गेला. दादा आडवा झोपून मुंबईला गेला, मी एसटीत बसून.

खरं तर सगळ्यांनी एकाच क्रमानं धरायचं, आधी मोबाइल, मग कार्ड, म्हणजे कोंडीच होत नाही. पण क्रम कुणी ठरवायचा, यावर आमच्यात नवी कोंडी आहे.

तुम्ही त्यात पडू नका. गड्डा दरवर्षी संक्रांतीलाच भरतो आणि साधं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. परतीचं तिकीट नोव्हेंबरातच काढा.