सरकारी अंतरपाट

साधेपणाने करायचं म्हणून भाचीने नोंदणी विवाह ठरवला. १९५४च्या विशेष विवाह कायद्यानुसार आधी नोटीस, मग ३० दिवस हरकतींची वाट. भटजींचा अंतरपाट मंगलाष्टकं संपली की दूर होतो. हा सरकारी अंतरपाट महिनाभर फलकावर टाचणीने लटकतो. महिना संपला तो नेमका पितृपक्षात. नोटीस तीन महिने चालते, म्हणून नास्तिक जावईबापूही घटस्थापनेपर्यंत थांबले. साक्षीदार लागतात तीन. आम्ही गेलो सव्वीस. सह्या पाच मिनिटांत आटोपल्या. ‘एवढंच?’ म्हणत मावशीने पर्समधून अक्षतांची पुडी काढली. शिपाई खेकसला, ‘इथे तांदूळ उधळायचे नाहीत!’ वाचलेल्या खर्चातून संध्याकाळी हॉल घेतला. पानं फक्त चारशे!