जॅकाचो धनी

मालवणकडच्या वाडीत शेजाऱ्याकडे काहीही मागता येतं. विळी मागा, पायली मागा, गणपतीच्या दिवसांत भजनाची पेटी मागा, वेळप्रसंगी होडीसुद्धा मिळते. जॅक मात्र विचार करून मागावा, कारण तो एकटा येत नाही. त्याच्याबरोबर त्याचा धनीही येतो. "जॅक नेशीत, आनी अक्कल? ती खय गावतली?" असं म्हणत तो खांद्यावर टॉवेल टाकतो, चपला सरकवतो आणि तुमच्या पुढे चालू लागतो. पंक्चर तुमच्या गाडीचं असलं तरी कार्य त्याच्या घरचं असतं.

वाडीत त्याला कुणी अण्णा म्हणतं, कुणी तात्या. आपण आबा म्हणू. हा माणूस एका गावचा नाही. कुडाळात आहे, कणकवलीत आहे, वेंगुर्ल्याच्या बाजूलाही आहे. पूर्वायुष्य बहुधा सगळीकडे सारखंच: उमेदीची वर्षं चिरेखाणीच्या ट्रकावर. सड्यावरच्या खाणीतून जांभ्याचे चिरे भरायचे, लाल चिखलातली चाकोरी तुडवत डांबरावर यायचं आणि फोंडा नाहीतर आंबोली घाट चढायचा. त्या चाकोरीत टायर कधी, कुठे आणि कुठल्या अंगाला बसेल याचा नेम नसे. मदतीला यायला माणूस नाही, फोनला रेंज नाही, कारण फोनच नाही. अशा वेळी ड्रायव्हर, क्लीनर आणि जॅक एवढंच कुटुंब. ट्रक गेला, क्लीनर मुंबईला गेला, जॅक राहिला.

तो आता पडवीत लाकडी पाटावर विराजमान असतो. वीस टनी, बाटलीच्या आकाराचा, हायड्रॉलिक. किनाऱ्याची खारी हवा लोखंडाला सुखाने जगू देत नाही. गावातल्या गेटांच्या बिजागऱ्या दोन पावसाळ्यांत कुरकुरायला लागतात. आबांच्या जॅकाचा दांडा मात्र आरशासारखा चकचकतो. गुपित एवढंच की काम झालं की दांडा पूर्ण खाली दाबून ठेवायचा, तेलाचा हात फिरवायचा आणि जॅक कायम उभा ठेवायचा. आडवा पडलेला जॅक दिसला की आबा नातवाला हाक मारतात. एकदा कुणीतरी त्यात हायड्रॉलिक तेलाऐवजी ब्रेकचं तेल ओतलं. आतले रबरी वॉशर फुगले, जॅक दम टाकू लागला. त्या माणसाचं नाव आबांच्या घरात अजूनही जेवताना काढत नाहीत.

नवा जॅक घ्यायचा असला तर आबांना दुकानात नेणं हा शहाणपणा आणि शिक्षा दोन्ही आहे. दुकानदार टन सांगत असतो, आबा ऐकतच नाहीत. ते पट्टी काढून जॅकाची मिटलेली उंची मोजतात. "वर किती जाता ता मगे बघूया. आदी आत शिरता काय ता बघ." हवा गेली की टायर बसतो, टायर बसला की एक्सल खाली येतो. वीस टनी जॅक मिटवलेला असतानाही साधारण २४ सेंटिमीटर उंच असतो. तेवढी फट एक्सलखाली उरली नाही, तर सगळे टन गाडीच्या बाहेरच राहतात. म्हणूनच कुणी ऐटीत पन्नास टनी मागितला की आबा हसतात. टन वाढले की उंची वाढते, वजन वाढतं आणि उचलणाऱ्याची कंबर मात्र तेवढीच असते.

आता वीसच का? आबांचा हिशेब तोंडपाठ आहे. सहाचाकी ट्रकाच्या मागच्या एक्सलवर कायदा २०१८ पासून साडेअकरा टन मान्य करतो. एका वेळी एकच बाजू उचलायची, म्हणजे निम्मा भार. कागदावर दहा टनी जॅक पुरेसा. "पन चिऱ्याचो ट्रक कागदार चलता काय रे?" भार किती भरला हे खाणवाल्याला ठाऊक आणि देवाला. त्यात रस्त्याला उतार असला की निम्म्याचे निम्मे राहत नाहीत. जॅकाने आपल्या ताकदीच्या अर्ध्यावरच काम करावं, उरलेली अर्धी ताकद माणसाच्या चुकीसाठी राखून ठेवावी, असं आबांचं अर्थशास्त्र आहे.

शाळेतल्या एका गुरुजींनी त्यांना शास्त्र सांगायचा प्रयत्न केला होता. लहान दट्ट्याने तेलावर दिलेला दाब मोठ्या दट्ट्याखाली तसाच पोचतो, दट्ट्या जेवढा रुंद तेवढा जोर जास्त, हा नियम पास्कलचा.

"पास्कल? बंदरावरचो?"

"नाही हो, फ्रान्सचा. सतराव्या शतकातला. पुढे १७९५ साली ब्रामा नावाच्या इंग्रजाने त्यावरून दाबयंत्राचं पेटंट घेतलं."

आबांनी क्षणभर विचार केला. "बरो माणूस होतो म्हणूचो. पन जॅकाखाली फळी घालूक सांगितल्यान काय तेना?" गुरुजींनी विषय बदलला.

फळी हा आबांचा श्वास. ऐनाची, दीड फूट चौरस, वर लोखंडी पत्रा. पावसाळ्यात लाल माती वरून सुकलेली दिसते आणि आत लोण्यासारखी असते, असं आबा घसा बसेपर्यंत सांगतात. जॅकाचा तळ तळहाताएवढा. फळीशिवाय लावला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच पाताळात जातो. त्याहून वाईट म्हणजे एका अंगाला रुततो, तिरका होतो आणि निसटतो. फळी घातल्याशिवाय आबा जॅकाला हात लावू देत नाहीत, मग वर पाऊस कोसळत असो की आतून कुणी हॉर्न मारत असो.

हॉर्न मारणारे बहुधा चाकरमानी असतात. गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबई-गोवा महामार्गाचे सगळे खड्डे पचवून आलेली गाडी नेमकी घरच्या पाणंदीत बसते. डिकीत मखर, मागे सासूबाई, मांडीवर मोदकांचे साचे. घाई सगळ्यांना असते, आबांना नसते. ते चाकापुढे उभे राहतात आणि गाऱ्हाणं घालावं तशा सुरात सुरू होतात.

"हँडब्रेक ओढललो आसा?"

"व्हय म्हाराजा!" जमलेली पोरं ओरडतात.

"गाडी पयल्या गियरात?"

"व्हय म्हाराजा!"

"समोरच्या चाकाक दोनय बाजूंनी दगड?"

"व्हय म्हाराजा!"

"नट जमनीरच सैल केल्यात?"

"व्हय म्हाराजा!"

"गाडयेत कोण बसललो नाय मा?"

इथे शांतता पसरते. सासूबाई चिखलात उतरायला तयार नसतात. त्यांच्या वजनाचा प्रश्न नाही हो, आबा समजावतात. आत माणूस हलला की गाडी हलते, गाडी हलली की जॅक सरकतो. अखेर खुर्ची येते, छत्री येते, सासूबाई पाणंदीत स्थानापन्न होतात आणि मगच दांडा वर सरकू लागतो. तोही बेताने. चाक जमिनीपासून सुटलं की बस. वरची उंची शोभेसाठी नसते.

आबांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं: "जॅक उचलता, धरणा नाय." उचलणं जॅकाचं काम, धरून ठेवणं दुसऱ्या कशाचं तरी. आतला एक वॉशर फाटला की दाब संपला. म्हणून चाक काढताना जॅकाशेजारी चासीखाली लाकडी ठोकळ्यांचा आधार हवाच, काढलेलं चाकही आडवं गाडीखाली सारायचं, आणि गाडीखाली डोकं घालायचं नाही, नटाच्या शोधातसुद्धा नाही.

इथे त्यांचं सबंध जिल्ह्याशी भांडण आहे. सिंधुदुर्गात माणसाला हात लांब केला की चिरा मिळतो. घर चिऱ्याचं, गडगा चिऱ्याचा, विहीर चिऱ्याची. साहजिकच गाडीखालीही लोक चिराच सारतात. आबा तो पायाने बाजूला करतात. जांभा छिद्रांचा दगड. भिंतीत त्याच्यावर भार सगळीकडून सारखा बसतो, म्हणून पिढ्यान् पिढ्या उभा राहतो. गाडीचं लोखंड एका टोकावर बसतं आणि चिरा आगाऊ सूचना न देता दुभंगतो. लाकूड निदान कुरकुरतं. "चिऱ्यार घर रवता, गाडी नाय," हे वाक्य ज्याने आयुष्यभर चिरेच वाहिले त्याच्या तोंडून ऐकताना वजनदार वाटतं.

अलीकडे आबांचं कार्यक्षेत्र समुद्रापर्यंत पोचलंय. पुळणीवर गाडी घालायला मनाई आहे, पण तारकर्ली-देवबागला आलेल्या काही पाहुण्यांचा समज असा की फोर बाय फोरला मनाई कळत नाही. अशी एक गाडी रुतली तेव्हा मालकाने टपावरून चार फुटी, भोकांच्या पट्टीचा हाय-लिफ्ट जॅक काढला. आबांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं, मग गाडीच्या बंपराकडे पाहिलं.

"दादा, ह्यो लावतलास खय? थय प्लास्टिक आसा."

मालकाने गाडीला प्रदक्षिणा घातली. जागा नव्हती. हा जॅक मूळचा अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचा, कुंपणाचे खांब उपटायलाही चालणारा. त्याला पकडायला भक्कम लोखंड लागतं. शिवाय त्याचा दांडा हातातून सुटला की उसळून हनुवटी शोधतो, हे आबांनी पाहताक्षणीच ओळखलं आणि सगळ्यांना मागे सारलं. मग त्यांनी टायरांतली हवा निम्मी सोडली, चाकांपुढची वाळू उपसली, आपला बाटलीजॅक फळीवर बसवून एकेक चाक उचललं आणि त्याखाली माडाचे झाप सारले. मध्येच ते समुद्राकडे बघून म्हणत, "भरती कोणाची वाट बघणा नाय, हात चालवा." गाडी निघाली. मालकाने पाकीट काढलं. आबांनी पैसे घेतले नाहीत, पण पाऊण तास फळीचं महत्त्व ऐकवलं. पैसे स्वस्त पडले असते, असं मालकाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

खरंच, हा माणूस सोसायला कठीण. चहा झाल्याशिवाय निघत नाही, स्कूटर पंक्चर झाली तरी जॅक घेऊन येतो आणि स्टेपनीत हवा नाही हे कळलं की तुमच्या वडिलांपर्यंत जातो. वाडीत आता कितीतरी घरी स्वतःचे जॅक आहेत. तरी गाडी बसली की माणसं चोरट्यासारखी इकडेतिकडे बघतात आणि शेवटी आबांनाच हाक मारतात. आजवर त्यांच्या हाताखाली कुणाचं बोटही चेंगरलं नाही, एवढंच कारण.

माणसाची पारखही ते याच मापाने करतात. मध्यंतरी वरच्या वाडीतल्या एका स्थळाची चौकशी करायला मुलीचे वडील आले. शिक्षण, नोकरी, पगार सगळं कळलं होतं, वागणं कसं ते कळत नव्हतं.

"झील बरो आसा," आबा म्हणाले. "पंक्चर काढताना बघलंय तेका. पयलो चाकाक दगड घातल्यान, मगे जॅक लावल्यान."

"आनी दारूबिरू?"

"ता माका म्हायत नाय. पन गाडयेखाली हात घालूच्या आदी आधार बघता. तुमच्या चेडवाक आनी काय होया?"

मुलीच्या वडिलांनी तिथल्या तिथे होकार कळवला. आबांनी अट घातली ती एकच: आहेरात जॅक द्यायचा, आणि तो निवडायला आपण यायचं.