चाळीतली मुंबई

मुंबई एका दिवसात बघून होते, हा माझा सिद्धांत. नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत एकवीस वर्षं सुपरवायझरकी केल्यावर माणसाला असे सिद्धांत सुचतात. आठ तासांच्या पाळीत किती नग निघतात हे ज्याला ठाऊक, त्याला बारा तासांत किती स्थळं निघतील हे काढायला काय लागतं? जॉबकार्डाच्या पाठीवर मी तक्ता आखला. स्थळं सहा, खाणी पाच. स्थळाला पंचेचाळीस मिनिटं, खाण्याला पंचवीस. सौ.नं तक्ता नीट वाचला आणि विचारलं, "अहो, यात श्वास कुठं घ्यायचा?"

मी म्हटलं, "खाण्याच्या पंचविसात."

निघालो आम्ही पाच जण. मी, सौ., चिरंजीव (वय आठ, मागणी एकच, पेंग्विन), दशम्यांची पिशवी घेऊन आई आणि कांद्यांची पिशवी घेऊन अण्णा. नागापुरात कारखाने आले तेव्हा जो दोन एकरांचा तुकडा आमच्याकडं उरला, त्यात अण्णा अजून कांदा करतात. जगातली कुठलीही गोष्ट ते कांद्यात मोजतात. एसटीची तिकिटं काढली तेव्हा त्यांनी मनाशी हिशेब केला आणि सुस्कारा टाकला. "गोण्या गेल्या," एवढंच म्हणाले.

तारकपूर स्टँडवर रात्रीची गाडी धरली. सुपे गेल्यावर अण्णांनी शेजारच्या प्रवाशाला हलवून उठवलं आणि महाराष्ट्रातली पहिली एसटी याच रस्त्यानं, पुणे ते नगर अशी धावली, हे सांगितलं. तो बिचारा "हो का" म्हणून परत झोपला. शिरूरला अण्णांनी त्याला पुन्हा उठवलं, कारण १ जून १९४८ ही तारीख सांगायची राहिली होती.

पहाटे दादरला उतरून लालबागला मावसभावाच्या चाळीत अंघोळीला गेलो. अण्णा गॅलरीत उभे राहून खोल्या मोजू लागले. मग वर बघितलं, खाली बघितलं, भिंतीला हात लावून पाहिला.

"हवा खेळत नाय रे," ते भावाला म्हणाले. "आपल्या चाळीत खालून फटी ठेवल्यात."

"अण्णा, तुमची कुठली चाळ?"

"कांद्याची."

शेजारच्या वहिनींनी कौतुकानं विचारलं, "नागपूरहून आलात का? मग संत्री आणली असतील!" नागापूरच्या माणसाचं अर्धं आयुष्य त्या एका कान्यासाठी भांडण्यात जातं. मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णांनी पिशवी पुढं केली. "संत्री नाय, पर सोलायला हेबी बरे असत्यात." त्यातलेच चार कांदे चिरून वहिनींनी पोहे केले. तक्त्यातलं पहिलं खाणं असं तक्त्याबाहेर पडलं.

पहिलं स्थळ भायखळ्याची राणीची बाग. फाटक बंद होतं आणि फाटकाजवळ पाटी होती, बुधवारी बंद. तक्त्यात मी सगळं लिहिलं होतं, वार लिहिला नव्हता. चिरंजीवांनी भोकाड पसरलं. रिजेक्शनच्या मालाकडं मी ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं सौ. माझ्याकडं बघत होती. बाजू सावरायला मी माहिती सांगू लागलो. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्याचे. २०१६ साली कोरियातल्या सेऊलहून विमानानं आणले, काचेमागं एसीत ठेवतात.

"एसीत?" अण्णांनी विचारलं. "सडत्यात का ते?"

"अण्णा, पाखरं आहेत ती!"

"तेच इचारतोय. जो सडतो त्यो बिचारा चाळीत, आन जे सडत नाय त्याला एसी?"

चिरंजीव रडायचे थांबले. पेंग्विनला चाळीत ठेवलं तर काय होईल, हा प्रश्न त्यांना दिवसभर पुरला.

लोकलनं सीएसएमटीला आलो. हे स्थळ मात्र वेळेच्या कितीतरी आधी झालं. १८७८ साली बांधायला घेतलेली आणि पुढं दहा वर्षं चाललेली ती इमारत आम्ही चार मिनिटांत पाहिली. म्हणजे गर्दीनंच आम्हाला उचलून बाहेर नेऊन ठेवलं. धोबीतलावला १९०४ सालच्या कयानीत बन-मस्का आणि चहा घेतला. अण्णांनी बन उघडून आत बघितलं, लोणी आहे, कांदा नाही, याची खात्री केली, आणि चहा बशीत ओतून तो बन बुडवून असा काही खाल्ला, की शेजारच्या टेबलावरचा म्हातारा खूश होऊन मान डोलावू लागला. पंचवीस मिनिटांचं खाणं पन्नास मिनिटं चाललं. दोन म्हातारे बोलत काहीच नव्हते, एकमेकांकडं बघून नुसता चहा मागवत होते.

गेटवेला मी पुन्हा गाईड झालो. "पंचम जॉर्ज बादशहा १९११ साली आला, त्याच्यासाठी ही कमान."

"कधी बांधली?"

"पूर्ण झाली १९२४ला."

अण्णा हसले. "आपल्याकडं मंत्री यायचा म्हणलं की रातोरात डांबर पडतंय. उगंच इंग्रजांचं कौतुक करता तुम्ही लोक."

दुपारचं जेवण मी तक्त्यात चांगल्या हॉटेलात टाकलं होतं. पण आईनं कठड्याशी बसकण मारून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा ठेचा मांडला. अण्णांनी मुठीनं कांदा फोडला. समोर १९०३ सालचं ताज. "आम्ही ताजला जेवलो," असं आई आता नागापुरात सांगते. 'समोर' हा एक शब्द तेवढा ती गिळते, दशमीच्या घासाबरोबर.

पुढचं स्थळ हँगिंग गार्डन. बाग लटकलेली नव्हती. बसच्या दांड्याला आम्हीच लटकत गेलो होतो. सौ.नं आणि चिरंजीवांनी म्हातारीचा बूट गाठला. अण्णांना मात्र बागेखाली पाण्याचा मोठा साठा आहे, तो झाकायला ही बाग केली, हे कळल्यावर फार आवडली. "शेततळ्यावर बाग! येडे नव्हते लोक," असं म्हणून त्यांनी मुंबईला दिवसातली पहिली शाबासकी दिली.

संध्याकाळी गिरगाव चौपाटी. भेळवाला कांदा चिरत होता. अण्णा गाडीपाशी गेले, त्याच्या टोपलीतला एक कांदा उचलला, नखानं पापुद्रा सोलला, वास घेतला.

"गावरान हाय. आपल्याकडचा. कुठून घेता?"

"वाशी मार्केट, काका."

वाशीला आमच्या भागाचा माल जातोच. आम्ही पहिल्यांदा चौपाटीवर उभे होतो, पण आमचा कांदा रोज येत होता. अण्णांनी तो परत ठेवला, भेळ हातात घेतली आणि हिशेब मांडला. प्लेट साठ रुपयांची. त्यात कांदा अर्धा. किलोत कांदे दहा, म्हणजे वीस प्लेटा, म्हणजे बाराशे रुपये. नेप्तीच्या लिलावात त्यांना महिन्यामागं मिळाले होते किलोला चौदा.

ते बराच वेळ समुद्राकडं बघत होते. आता काही तरी जड बोलतील म्हणून मी सावरून बसलो.

"पुढल्या साली मुरमुरे पेरू," ते म्हणाले.

"अण्णा, मुरमुरे पेरत नाहीत."

"तेच म्हणतोय मी. जे पेरीत नाय, त्यालाच भाव हाय."

मग भेळवाल्याकडं कागद पुढं करून म्हणाले, "कांदा टाक अजून. घरचाच हाय."

रात्री दादरला बसची वाट बघताना स्टेशनाबाहेर वडापाव खाल्ला. अशोक वैद्यांनी १९६६ साली वडापाव लोकांच्या हातात दिला तो याच स्टेशनाबाहेर, हे मी सांगितलं, पण ऐकायला कुणी जागं नव्हतं. तोंडं तेवढी चालू होती. बसमध्ये मी तक्ता काढून ताळा केला. स्थळं सहापैकी पाच, त्यातलं एक बाहेरून. खाणी पाचपैकी सात. उत्पादन घटलं, कँटीन वाढलं. असा रिपोर्ट माझ्या शिफ्टचा असता तर मी मलाच मेमो दिला असता.

पहाटे सीनेच्या पुलावरून नागापुरात शिरलो. शेजारच्या काकूंनी दारातच गाठलं. "काय काय पाहिलं मुंबईत?" चिरंजीव म्हणाले, पेंग्विनचं गेट. सौ. म्हणाली, बूट. आई म्हणाली, ताजला जेवलो. अण्णा काहीच बोलले नाहीत.

दुपारी उठून बघतो तर ते शेतात, कांद्याच्या चाळीत. घमेलं घेऊन ढिगाचा वरचा थर एकटेच खाली उतरवत होते. मी विचारलं, "अण्णा, सडायला लागले का?"

"सडले नाय अजून," ते म्हणाले. "पर लई दाटीनं राहिलेत रे. जरा हवा लागू दे."